सहवासरेषा

रायपाणीच्या छावणीत भिंतीवर जंगलाचा नकाशा नव्हता. कोण कोणाजवळ राहतं, याचा नकाशा होता. काचेच्या पडद्यावर हिरवे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक वानर. दोन ठिपक्यांमधली रेघ जाड असली, तर ती दोन वानरं एकमेकांच्या उवा काढत, अंगाला अंग लावून बसत.

हे कोणी झाडाखाली बसून पाहिलेलं नव्हतं. प्रत्येक प्राण्याच्या तोंडात आणि पोटात कोट्यवधी जिवाणू राहतात. स्पर्शातून, उष्ट्यातून ते एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात. शेजार सुटला की असे पाहुणे जिवाणू हळूहळू नाहीसे होतात. थुंकीचा किंवा लेंडीचा कण तपासणीच्या पेटीत घातला की चहा उकळेपर्यंत कळे, कोणाचे जिवाणू कोणाशी किती जुळतात. या जुळणीला छावणीच्या मॅडम, डॉ. नीलाक्षी सबनीस, यांनी नाव दिलं होतं सहवासरेषा.

ही रेषा पुढचंही सांगे. मागच्या उन्हाळ्यात नाल्याकडच्या टोळीतल्या रेघा मधोमध झिजत गेल्या. तेव्हा सगळी वानरं एकाच झाडावर झोपत होती, भांडण म्हणून नव्हतं. पावसाळा सरला आणि टोळी फुटली. वानरांच्या आधी जिवाणूंना कळलं होतं.

माणसांचा रोग वानरांना जाऊ नये म्हणून जंगलात जाणाऱ्यांचीही थुंकी तपासत. त्यांचे ठिपके पिवळे. एक मॅडमचा, एक वाटाड्या मुंगीलाल कासदेकरचा. त्या दोन ठिपक्यांत एक रेघ होती.

मुंगीलालची बायको सुगंती छावणीत स्वयंपाक करी. ती जंगलात जात नसे, म्हणून तिचा ठिपका नव्हता. भाकरी थापताना तिला ती रेघ दिसे. पडद्याकडं पाठ करून बसली तरी दिसे.

मग तिनं एक सुरू केलं. "मॅडम, डोक्याले तेल लावून देऊ का?" म्हणून रोज संध्याकाळी ती त्यांच्या मागे बसू लागली. मॅडमना वाटलं, बाई मायाळू आहे. सुगंती त्यांच्या केसांत नवऱ्याच्या तंबाखूचा वास शोधत होती. कधी धूर हाती लागे, कधी नुसती धूळ. वास सापडेना, तशी तिची आग वाढे. बोटं मात्र रोज चालत.

घरीही तिनं एक केलं होतं. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं जेवण झालं की ती त्याच्याच ताटात वाढून घ्यायची. सासूनं घालून दिलेली रीत. मॅडम आल्यावर तिनं स्वतःचं ताट वेगळं केलं.

"काऊन व?" मुंगीलालनं एकदा विचारलं.

"तुमाले बाहेरचं गोड लागते आता."

तो हसला. पुन्हा त्यानं विचारलं नाही.

एका संध्याकाळी विंचरता विंचरता तिनं पडद्याकडं हनुवटी केली. "मॅडम, थे रेघ कशाची हाय?"

"ती? मुंगीलालची. दिवसभर एकाच बाटलीतलं पाणी पितो ना आम्ही."

"पाणीच?"

मॅडम झटकन वळल्या. केस सुगंतीच्या मुठीत होते, ते ओढले गेले. "आई गं! सुगंती, तुला काय म्हणायचंय?"

"माह्या नवऱ्याची रेघ तुमच्याकडं जाते. माह्याकडं किती जाते, थे दाखवा. मंग बोलू."

"अगं, वानरांच्या रेघेचा अर्थ मला लागतो. माणसांच्या नाही लागत."

"आमी झाडावरून उतरलोच नाही, असं समजा."

मॅडमना हसू आलं, पण सुगंती हसली नाही. तिनं पेटी पुढं ओढली आणि तीत थुंकली, जरा जोरातच.

चहा उकळला. पडद्यावर नवा पिवळा ठिपका उमटला. त्यातून एक रेघ निघाली, चांगली बोटाएवढी जाड. सुगंतीचा चेहरा उजळला. "पाहा! गेली का नाही माह्या माणसाकडं?"

"तो ठिपका माझा आहे, सुगंती," मॅडम हळूच म्हणाल्या. "रोज माझ्या केसांत हात घालतेस. वानरं तेच करतात."

"मंग माह्या माणसाची कोणती?"

मॅडमना बोट लावून दाखवावी लागली. कोळ्याच्या धाग्याएवढी होती.

सुगंती कितीतरी वेळ पाहत राहिली. "नाल्याच्या टोळीत एवढीच होती का, फुटायच्या आधी?"

मॅडम पेटीचं झाकण लावू लागल्या.

"सांगा ना."

"तिथली याहून थोडी जाड होती."

"पुन्हा जाड होते?"

"वानरांत झालेली मी पाहिली नाही." मग त्या म्हणाल्या, "पण वानरांना नकाशा दिसत नाही. तुला दिसलाय."

त्या दिवशी सुगंती लवकर घरी गेली. मुंगीलालला आवडते तशी जाड भाकरी केली, वर मिरचीचा ठेचा. तो जेवला. त्याचं होईतो ती शेजारी बसून राहिली. शेवटचा घास संपला तसा तिनं त्याच्या ताटाकडं हात नेला.

मुंगीलालनं लोटा उचलला आणि ताटातच हात धुतले. भाकरीचे तुकडे पाण्यात तरंगू लागले.

"ताटात हात कधीपासून धुता?" तिनं विचारलं.

तो आठवू लागला. "तुह्यं ताट वेगळं झालं तवापासूनच असंन. काऊन?"

ती पाण्यातल्या तुकड्यांकडं पाहत होती. तिला भूक लागली असेल असं त्याला वाटलं. तो उठला, फळीवरचं तिचं ताट काढलं, खांद्यावरच्या फडक्यानं नीट पुसलं आणि मायेनं तिच्यापुढं ठेवलं.