घड्याळवालीची खोली

“शनिवारपर्यंत खोली सोड म्हणतात,” घड्याळवाली म्हणाली. “अजून धड सामानही लावलं नाही मी.”

खाजगी तपास करणाऱ्या नानांनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली. त्यांचे सोबती मास्तर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, वही उघडून बसले. अकरा वर्षं ते नानांबरोबर हिंडत होते. एकदा तरी नानांच्या आधी आपल्याला काही सुचावं, ही त्यांची जुनी जळजळ.

हकिगत साधी होती. दुसऱ्याच्या दुकानात कोपरा धरून ती घड्याळं दुरुस्त करी. स्वतःच्या कामासाठी रस्त्याकडची, वरच्या मजल्यावरची, भरपूर उजेडाची एक खोली मिळत होती. पण कमाई भाड्याच्या तिप्पट नसेल तर भाडं आगाऊ, हा मालकाचा नियम. तिने भरलं. पावतीवर स्वच्छ लिहिलं होतं: ऑक्टोबर ते मार्च. आणि आठवड्यातच मालकाच्या हाती निनावी पत्र पडलं.

“काय होतं पत्रात?”

“वाचू दिलं नाही. पैसे चोरीचे आहेत, एवढंच सांगितलं. हे गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं तर माझ्या हातात घड्याळ कोण देईल?”

मालकाने कपाळाला आठ्या घालूनच पत्र पुढे केलं. सुट्या, ठळक अक्षरांत ओळ होती : ‘नव्या भाडेकरणीने पाच महिन्यांचं आगाऊ भाडं गिऱ्हाइकांची घड्याळं विकून भरलं आहे.’

“कमाई तुटपुंजी, म्हणून सहा महिन्यांचं आधी घेतलं,” मालक म्हणाला. “मी काही धर्मशाळा उघडलेली नाही. पण चोरीचा पैसा मला नको.”

तळमजल्यावरच्या टायपिस्ट बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत.

“मला हवी होती ती खोली. माझ्याकडेही सहा महिन्यांचं एकदम मागितलं, आणि माझा पगार जेमतेम. वर तिचा करार टाइप करायचा मीच. ऑक्टोबर ते मार्च. बोटं जड झाली होती, खोटं कशाला बोलू?”

मास्तरांनी वहीत ‘हीच’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

घड्याळवालीची थोरली बहीण घरी पुठ्ठ्याची खोकी जुळवत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “मी बजावलं होतं तिला. फेब्रुवारीपर्यंत बसशील ऐटीत, पुढे काय? पण लाडकी ना ती. बाबांच्या शेजारी बसून स्क्रू निवडायचे मी, हत्यारं मिळाली तिला.”

“पत्र कुणी लिहिलं असेल?”

“ती टायपिस्ट. तिचाच डोळा होता खोलीवर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी सगळ्यांना मालकाच्या बैठकीत बोलावलं.

“पत्र लिहिणाऱ्याला भाडं आगाऊ भरल्याचं ठाऊक होतं,” ते म्हणाले. “फक्त महिने चुकले. पत्रात पाच आहेत. मालकांनी सहांचे पैसे घेतले, बाईंनी सहांचा करार टाइप केला. हे दोघं पाच कशाला लिहितील? ताई, पैसे फेब्रुवारीपर्यंतच पुरतील, असं काल तुम्ही म्हणालात. ऑक्टोबरपासून मोजा. पाच होतात.”

ताईची मान खाली गेली.

“तिला मीच पाच सांगितले होते,” घड्याळवाली पुटपुटली. “पाच महिन्यांचे माझ्याजवळ साठले होते. सहाव्यासाठी बाबांचं घड्याळ विकलं.”

“कोण, ते कळलं,” नाना म्हणाले. “पण सख्ख्या बहिणीचं पोट बुडवायचं? हे माझ्या डोक्यात शिरत नाही.”

“तुमच्या नाहीच शिरायचं,” मास्तर एकदम म्हणाले. मग वही मिटून सावकाश बोलू लागले. “आपणही तिथेच बसलेलो असतो. डोळे आपलेही उघडे असतात. पण कौतुक दर वेळी शेजारच्याचंच होतं. त्याच्यावर माया असते, तरी पोटात दुखतं. आणि मग तो एक दिवस स्वतःची खोली घेऊन निघून जातो.”

नाना त्यांच्याकडे बघतच राहिले.

“बाबांचं घड्याळ विकलंस,” ताई धाकटीला म्हणाली. “मला का नाही सांगितलंस?”

“तुला ते हवं होतं. ठाऊक होतं मला.”

ताईने टायपिस्ट बाईंकडे कागद मागितला. पत्र मी लिहिलं, त्यातला शब्द न् शब्द खोटा आहे, असं तिने लिहिलं आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली. मालकाने दोनदा वाचून कागद खणात टाकला. “राहा मार्चपर्यंत,” तो म्हणाला. “पुढचे सहा पुन्हा आधीच लागतील.”

घड्याळवालीने किल्ली उचलली. दारात थांबून तिने विचारलं, “ताई, येतेस खोली बघायला?”

“आज नको विचारूस,” ताई म्हणाली. “आज आले तर उजेडसुद्धा बघवणार नाही मला तिथला.”

धाकटी मान हलवून एकटीच जिना चढली.