आधी उघडून दाखव

माझ्या सुनेला दुसरा उद्योग नाही. म्हणे, "बाबा, ती एस्टिलची गोष्ट लिहून काढा." अगं, चौथीत शाळा सोडली मी, आणि या वयात लिहायला बसवतेस? बरं, लिहितो. वाचताना कुणी खोटं म्हणालं तर कागद चुलीत घालीन.

माझ्या बापाचं रिव्हॉल्व्हर साठ वर्षं मुकं पडून होतं. तो प्यायला की ते घेऊन अंगणात नाचायचा. म्हणून आईनं एक दिवस त्याची चक्री, म्हणजे गोळ्या भरायचं सहा भोकांचं लोखंड, काढली आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या रॅस्निकबाईला देऊन टाकली. बदल्यात बियाण्याचे बटाटे आणले. पुढे बाप मेला, आई गेली, चक्री काही परत आली नाही. दुसऱ्या बसवून बघितल्या, सगळ्या डुगडुगायच्या. मरायच्या आत ते हत्यार पुरं करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

थंडी पडायला लागली तेव्हा गावच्या हॉलमध्ये जुन्या पिस्तुलांचा बाजार भरला. तिथे त्या बाईचा मुलगा एस्टिल भेटला. म्हणाला, "तुझ्या बापाची चक्री माझ्या पिस्तुलात बसलीय, बर्ल. बर्फ वितळलं की ये, देतो." शेजारच्या टेबलावर डेन्झिल माउंट्स कान टवकारून ऐकत होता. त्याचाही त्या पिस्तुलावर डोळा होता.

एप्रिलात मी गेलो. दुपारची वेळ, पण धुक्यानं डोंगर गिळले होते. कुत्रं भुंकलं नाही. दार उघडंच होतं. आत विझलेल्या कोळशाचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास. एस्टिल स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसला होता, त्यामुळे तोंड नीट दिसेना. नळ गळत होता. थेंब पडताना दिसत होते... आवाज मात्र येत नव्हता.

"ये बर्ल. बस."

"बसायला नाही आलो. माल दाखव."

त्यानं पिस्तूल टेबलावरून सरकवलं. बंद. नळी माझ्याकडे.

"रिकामंच आहे... चाप ओढून बघ."

आमच्या डोंगरात दुधाचे दात पडायच्या आत पोरं शिकतात: हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर आधी त्याच्या डोळ्यांदेखत उघडायचं, रिकामं दाखवायचं, मगच द्यायचं. माझ्या बायकोलाही मी तसंच देतो.

"आधी उघडून दाखव," मी म्हणालो.

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?..."

"नाही. माझ्या बापाच्याही नव्हता."

खोली गारठली. बघतो तर माझा उजवा हात आपला आपण पिस्तुलाच्या मुठीकडे चाललेला. बोटं चापाला टेकली. मागे ओढतो तर येईना. डाव्या हातानं मनगट धरलं, टेबलावर दाबून ठेवलं आणि ओरडलो, "उघड म्हणतो ना!"

"डेन्झिलनंही उघडलं नव्हतं..." तो कुजबुजला. "परसात चार बार काढले... रिकामंच आहे म्हणाला... आणि दिलं माझ्या हातात..."

"डेन्झिल गाढव आहे. आणि न बघता घेतलंस, तू त्याच्याहून मोठा गाढव! आता उघडतोस, का बसतोस इथेच गोठत?"

 मग खट्. चक्री बाहेर आली. पाच भोकांत उडालेली टरफलं. सहाव्यातून जिवंत काडतूस घरंगळलं, टेबलावर पडलं, आणि त्याच क्षणी नळाचा आवाज सुरू झाला. टप्. टप्. माझा हात सुटला.

एस्टिलनं लांब श्वास सोडला. "उघड म्हणणारा तूच पहिला..." त्यानं स्क्रू काढून चक्री माझ्या तळहातावर ठेवली. बर्फासारखी होती. पिस्तुलाला लावायच्या, मी स्वतः अक्रोडाच्या लाकडात कोरलेल्या मुठी बदल्यात दिल्या. त्यावरून तो अंगठा फिरवत राहिला. मी शीळ घालत बाहेर पडलो. 

पुढच्या बाजारात मी सगळ्यांसमोर ती बापाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसवली. दोन्हींवर ठोकलेला कारखान्याचा नंबर जुळला. फिरवली तर लोण्यासारखी फिरली. लोकांनी टाळ्या पिटल्या. एवढ्यात डेन्झिल ओरडला, "चोर आहे म्हातारा! एस्टिलला फेब्रुवारीतच पुरला. पिस्तूल पुसताना स्वतःच गोळी घालून घेतली त्यानं. घर तेव्हापासून कुलपात आहे. फोडलंस ना?"

एप्रिलात मला चक्री कुणी दिली ते तेव्हा कळलं. पण मान खाली घालीन तर बर्ल कसला!

"एस्टिलनं निरोप दिलाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "परसात चार बार काढलेस. मग उघडून न दाखवता दिलंस."

 डेन्झिल पांढराफटक पडला. आणि त्याच्या टेबलावरची झाडून सारी रिव्हॉल्व्हरं, कुणी हात न लावता, खट् खट् खट् करत उघडली. त्यानं बंद केली. परत उघडली. बापाचं रिव्हॉल्व्हर पट्ट्याला लावून मी छाती काढून त्याच्यासमोरून चालत गेलो. असा दिवस परत मिळायचा नाही.

आता त्याच्या टेबलापाशी कुणी फिरकत नाही. परवा त्याची बायको दुकानात भेटली. म्हणाली, हल्ली घरातल्या कपाटांची दारंही उघडी सापडतात. आणि गेल्या आठवड्यापासून डेन्झिलचे डोळे झोपेतही मिटत नाहीत.

तरी चोर म्हटल्याची माफी त्यानं अजून मागितलेली नाही. त्या डेन्झिल माउंट्सनं.