घुमारा विरेपर्यंत

डोक्यावर चांदी चढली तरी त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. तळघरातल्या एका खोलीत त्याचा स्टुडिओ होता. खोली कसली, डबीच ती! भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या अंगालाही जाड फोम ठोकलेला, आणि खिडकी औषधालाही नाही. आत बोललेला शब्द ओठांवरच मरायचा. नवखी माणसं घाबरून बाहेर पळायची; धाकटा मात्र वर्षानुवर्षं तिथे सुखाने बसला होता.

त्या दुपारचं काम साधंच होतं. ताईच्या गाण्याला घुमारा लावायचा.

ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला तो गेलाच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने याच खोलीत एक गाणं म्हणून ठेवलं होतं. जगात तिचा आवाज उरला तो एवढाच. पण फोममधला आवाज तो, कोरडा ठणठणीत. ताईने ऐकला, तोंड वाकडं केलं आणि फोनवर लिहून दाखवलं, 'पेटीत कोंबल्यासारखी वाटते रे मी. मोकळं कर ना मला. पाच वाजता येते ऐकायला.'

आवाज गेल्यापासून ताई टाळी वाजवून हाक मारायची. एकच खणखणीत टाळी, आणि तिच्यात बोटातल्या अंगठीचा बारीक टक्. समोरचा ओ देईपर्यंत ती थांबायची नाही. 'गळा होता तेव्हा एवढे धावत नव्हतात मेल्यांनो,' असं लिहून दाखवायची आणि गदागदा हसायची, बिनआवाजाचं.

सॉफ्टवेअरमध्ये घुमाऱ्यांची ही भली मोठी रांग. धाकट्याने मोठं सभागृह लावून पाहिलं, तर ताई लांब कुठेतरी जाऊन उभी राहिली. छोटी खोली लावली, तर ती न्हाणीघरात गुणगुणायला लागली. घुमाऱ्याची शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज, वाढवली, कमी केली, सगळे प्रकार करून झाले. "छ्या! ही माझी ताईच नाही," तो करवादला.

मग त्याला टाकी आठवली.

टाकीचा घुमारा त्याने स्वतः टिपलेला होता. त्याची रीत सोपी असते. रिकाम्या जागेत जायचं, रेकॉर्डर चालू करायचा, एक टाळी वाजवायची आणि तिचा घुमारा पार विरेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. मग सॉफ्टवेअरला ती जागा कळते, आणि कोणाचाही आवाज ते त्या जागेत नेऊन उभा करतं. नियम एकच, घुमारा विरेपर्यंत हलायचं नाही. ताईचा गळा चांगला ठणठणीत होता तेव्हाची गोष्ट. एका बंद कारखान्याच्या जमिनीखालच्या कोरड्या टाकीत धाकटा स्वतःची शिडी लावून उतरला होता. टाळी वाजवली. घुमारा विरत आला, आणि तेवढ्यात वरून, झाकणाच्या बाजूने, दुसरी टाळी आली. त्याची पाचावर धारण बसली. रेकॉर्डर काखोटीला मारून तो वर पळाला. वर चिटपाखरू नव्हतं. घरी येऊन त्याने ती दुसरी टाळी कापून टाकली, आणि घुमारा तसाच अर्धवट राहिला.

"असू दे. कोण तपासायला बसलंय?" असं म्हणत त्याने तो ताईच्या आवाजाला लावला.

काय सांगू! ताई उमलली. स्वर खोल गेला, गार झाला, चहूकडून परत आला. धाकट्याचे डोळे भरून आले. "ताई, सुटलीस बघ!" तो मोठ्याने म्हणाला.

गाणं संपलं, पण घुमारा काही संपेना.

त्याने बटण दाबलं. शेपूट शून्यावर आणली. घुमाराच काढून टाकला. स्पीकरच्या वायरी उपटल्या. शेवटी चिडून मेन स्विच खाली ओढला, तशी खोलीत काळोख झाला. काळोखात तो आवाज चालूच होता. बारीक होत होता, पण संपत नव्हता.

"कोण आहे?"

आहे... आहे... आहे...

या खोलीत आवाज घुमतो? तो दाराकडे झेपावला. हाताला फोम लागला नाही. गार, खरखरीत सिमेंट लागलं. चाचपत तो चारी भिंती फिरला. दार नव्हतं, टेबल नव्हतं, टेबलावरचा फोन नव्हता. शिडी तर त्याने त्याच दिवशी वर ओढून नेली होती.

मग त्याला नियम आठवला. त्या दिवशी मोडला होता, तो आज पाळायचा. तोंडावर हात दाबून तो भिंतीला टेकून उभा राहिला. घुमारा विरत गेला... आणखी विरला... आणि पाठीमागचं सिमेंट हळूहळू मऊ पडायला लागलं. फोम! डाव्या हाताला दाराची कडीसुद्धा लागली. अजून थोडं. श्वासाचाही आवाज नको.

पाच वाजले असावेत. ताई वेळेची पक्की होती.

वरून टाळी आली. खणखणीत. आणि तिच्यात बारीक टक्.

घुमारा पुन्हा भरला. हातातली कडी गेली, पाठीला सिमेंट टोचलं. ही टाळी त्याने आधी ऐकली होती. त्या दिवशी, इथेच, याच टाकीत, ताई घरी बसून गात होती तेव्हा.

"ताई, टाळी नको गं," हे शब्द त्याच्या जिभेवर आले. ते त्याने गिळले. बोलला असता तर तेही घुमलं असतं. तो रडायला लागला, तेही दातात शर्ट धरून, बिनआवाजाचं. घुमारा हळूहळू विरत आला. सिमेंट मऊ झालं. बोटांना कडी लागली.

आणि वर ताईने, धाकट्याने काही ओ दिली नाही म्हणून, पुन्हा टाळी वाजवली.