साडेतीनशे कादंब

हरणतळे पाणथळ अभयारण्याच्या प्रयोगशाळेत संचालक निंबाळकर पेढे वाटत होते. देशातला कादंब हंसांचा सर्वांत मोठा थवा, साडेतीनशे पक्ष्यांचा, हिवाळाभर त्यांच्या तळ्यावर राहिला होता. त्यातले चाळीस अभयारण्याने खऱ्यांना भुलवायला सोडलेले यंत्रपक्षी, म्हणजे मायाकादंब होते, हा विषय पेढे खाताना कोणी काढत नव्हतं.

पायवाटा झाडणाऱ्या शेवंताबाई झाडूसकट आत आल्या आणि त्यांनी पक्षिशास्त्रज्ञ डॉ. अश्लेषा परांडेकरांना गाठलं.

"म्याडम, एवढी पाखरं सकाळी पायवाटंवर चरत्यात, अन् घाण एकाचीच कशी? तीन महिनं मीच झाडतीया."

यंत्र घाण करत नाही. अश्लेषाच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"सर, मायाकादंबाला आपण काय शिकवलंय? खरा कादंब असेल तिथे उतरायचं, तो बसलाय तोवर उठायचं नाही. खरा नसेल तिथे थांबायचं नाही, शोधत राहायचं. सगळ्याच अभयारण्यांनी असे पक्षी सोडलेत आणि ते सगळे इथे जमलेत. म्हणजे देशभरात खरा एकच उरलाय."

"आणि तो आपल्याकडे आहे!" निंबाळकर खूश झाले. ते फार लवकर खूश व्हायचे.

"सर, तो मरेल. कादंब एकटा कधीच निघत नाही, थवा उठला तरच उठतो. आणि हा थवा त्याच्यासाठी बसून राहणार. हिमालयापलीकडचा पक्षी, मे महिन्यात इथे भाजून निघेल. बाहेरच्या यंत्रांचा ताबा आपल्याकडे नाही. त्याला पकडून उत्तरेला नेऊ या."

"म्हणजे थवाही जाणार. सुट्टीत लोकांना काय दाखवू, चिखल? जूनमध्ये बघू."

अश्लेषाने दोनदा वर अर्ज केला. दोन्ही अर्ज अभिप्रायासाठी निंबाळकरांकडेच आले.

मे महिन्यात तळं आटलं. शेवंताबाई रोज बादलीभर पाणी त्या खऱ्या कादंबापुढे ओतायच्या. "जा की रं बाबा," म्हणायच्या आणि रडायच्या. तो मान उंचावून थव्याकडे बघायचा. थवा त्याच्याकडे बघायचा.

बावीस तारखेला सकाळी, पायवाटेवर सुट्टीतल्या लोकांची गर्दी असताना, त्याने मान चिखलात टाकली. पुढच्याच क्षणी तीनशे एकोणपन्नास पक्षी एकदम उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा, निघाले हिमालयाला!" निंबाळकरांचे डोळे भरून आले.

ते हिमालयाला गेले नाहीत. उन्हावर चालणारी ती यंत्रं अजून शोधत फिरताहेत, कुठेच उतरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई झाडू घेऊन पायवाटेवर आल्या. झाडायला काही नव्हतं.