अंगठ्याची शाई

बसा रे, लाइट आल्याशिवाय अंकाचं पान काही लागत नाही. इन्व्हर्टर? सरकारी विद्यापीठ आहे बाबांनो, इथे अर्ज मंजूर व्हायच्या आत अर्ज करणारा निवृत्त होतो. मोबाइलचे दिवे तेवढे बंद करा, डोळ्यांवर येतात.

मघाशी तू विचारलंस ना, कोपऱ्यातली, की ज्याच्याशी बोललो त्याची भेटवहीत सही कशाला घ्यायची? सांगतो. माझ्याच एका विद्यार्थिनीच्या बाबतीत घडलंय, सहा वर्षांपूर्वी. वही त्या कपाटात आहे.

तिला सगळे झटपट म्हणायचे. इतरांची पहिली ओळ जुळायची तोवर हिची बातमी माझ्या टेबलावर. हुशार पोरगी. पण अति घाई संकटात नेई, ही पाटी रस्त्यावर लावतात, ती खरं तर आपल्या पत्रकारिता विभागाच्या दारावर लावायला हवी.

त्या वर्षी मागच्या फाटकाच्या रस्त्यावर अपघात झाला. मेसचे आचारी काम आटोपून सायकलवरून घरी चालले होते. रात्री दहा चाळीसला विद्यापीठाच्याच बसने त्यांना उडवलं. जागच्या जागी गेले. आता आपला नियम तुम्हाला पाठ आहे. अपघाताच्या बातमीत तीन माणसं हवीत, एक पोलीस, एक घरचं आणि एक पाहणारा. पाहणारा कोणी नव्हताच. अंक सकाळी छपाईला जायचा होता. झटपटने पाहणारा तयार केला.

डाव्या पायाने अधू म्हातारा. खांद्यावर कांबळं, त्याचा एक कोपरा जळलेला. रोज रात्री वळणावरच्या दिव्याखाली दगडावर बसतो. त्याच्या तोंडी हिने वाक्य घातलं, "सायकलला दिवा नव्हता, मी डोळ्यांनी पाहिलं." भेटवहीत सहीच्या जागी लिहिलं, 'सही येत नाही'. मी शाबासकी दिली. तो जळका कोपरा मला फार आवडला होता. तीस वर्षं बातम्या तपासल्या मी, आणि एका पोरीने मला बोलता बोलता गुंडाळलं.

चौकशी समितीने आपल्या अंकाचं कात्रण फायलीला लावलं. चूक आचाऱ्यांची ठरली, फाइल बंद. आठवड्याभराने त्यांची मुलगी इथे, या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, बाबा दिव्याशिवाय सायकल दाराबाहेर काढत नसत. मेलेल्या माणसावर असा आळ नको. ते आजोबा मला कुठे भेटतील?"

मी झटपटला बोलावलं. म्हटलं, "ही वही घे, हा शाईचा पॅड घे. सही येत नसेल तर अंगठा आण. आणि उद्या या ताईंची त्यांच्याशी गाठ घालून दे."

"आत्ता, सर? रात्रीची?"

"रात्रीच बसतो असं तूच लिहिलंयस ना."

तिचा चेहरा उतरला. मला तो दिसला होता. तरी मी तिला पाठवलं, हे अजून मनाला लागतं.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. सव्वादहाला ती इथून निघाली. बेत सरळ होता. दिव्याखाली बसायचं, स्वतःचाच अंगठा उमटवायचा आणि उद्या सांगायचं की आजोबा अंगठा देऊन कायमचे गावी गेले. ती वळणावर पोचली. दगड रिकामा होता. आसपास चिटपाखरू नाही. तिने वही गुडघ्यावर उघडली आणि पॅडचं झाकण काढलं.

"माझा अंगठा हवाय ना?"

आवाज मागून आला.

तिने वळून पाहिलं. म्हातारा. डावा पाय ओढत पुढे आला. खांद्यावर कांबळं.

कोपरा जळलेला.

"घाबरू नकोस. तूच बसवलंस मला इथे."

तिला पळायचं होतं. म्हातारा शेजारी टेकला. जळकट वास आला.

"मी काय पाहिलं, ते लिहून मोकळी झालीस. मला विचारलं नाहीस. आता रोज पाहतो. रोज… तेच."

"आजोबा, मी…"

"गप. वेळ झाली."

मोबाइलवर दहा चाळीस.

घंटी वाजली. वळणावरून सायकल आली. पुढे दिवा होता. पिवळा, लख्ख. आचारी मान खाली घालून पायडल मारत होते.

समोरून बस.

अंधारी. एकही दिवा नाही.

तिने ओरडायला तोंड उघडलं.

मग…

मग रस्ता रिकामा.

"पाहिलंस?"

तिने मान हलवली.

म्हाताऱ्याने अंगठा पॅडवर दाबला. वहीवर टेकवला. "हे छापून येईपर्यंत मला इथून उठता यायचं नाही," एवढंच बोलला.

अकराला ती धावत या खोलीत आली. रडत रडत सगळं सांगितलं. साक्षीदार बनावट होता, एवढं मला लगेच पटलं. पुढचं… अंगठा समोर दिसत होता, पण तो तिचाच असेल असं मी स्वतःला समजावलं. तिचे अंगठे नीट पाहिले, दोन्ही. कोरडे. स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी ती समितीपुढे उभी राहिली आणि कबूल झाली. वर्ष गेलं तिचं. आणि समिती काय म्हणाली? साक्षीदार खोटा, म्हणजे आता साक्षीदारच नाही, मग बसचा दोष कसा सिद्ध होणार? बंद झालेली फाइल बंदच राहिली. तिने पाहिलं ते मी छापलं नाही. कोणाच्या हवाल्याने छापणार होतो? आचाऱ्यांची मुलगी आणखी दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी खाली बघून बोललो. मग ती यायची थांबली.

झटपट आता बातम्या लिहीत नाही. पण दरवर्षी याच तारखेला, दहा चाळीसला तिचा फोन येतो. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. एकच विचारते आणि मी कपाट उघडून बघतो.

आज चौदा तारीख, नाही का…

थांबा. वाजतोय. वाजू दे जरा.

कोपऱ्यातली, तू ऊठ. कपाटातली निळी वही काढ. दोरा घातलाय ते पान. शेवटच्या रकान्यात अंगठा आहे, त्यावर बोट टेकव. हलकेच. सहा वर्षांची शाई आहे, काही होत नाही.

आता मोबाइलचा दिवा लाव. बोट इकडे कर.

…

हॅलो. हो, बघितलं.

नाही गं पोरी. अजून ओली आहे.