कलता खिळा

चौतीस सालच्या थंडीत, नाशिकच्या पेठ नाक्यावरच्या चिंचेखाली, जमील सकाळपासून चौथा बैल पाडत होता आणि हातात हातोडा असतानाच त्याला पेंग येत होती. महिना उलटून गेला, झोप म्हणावी अशी झोप नव्हती.

नालबंदाचं काम दोघांचं. दोर टाकून बैल आडवा करायचा, चारही पाय बांधायचे, एकानं मानेवर बसायचं आणि दुसऱ्यानं खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या. एकट्यानं बैलाला पत्री मारणारा मर्द अजून कुणा मायनं जन्माला घातलेला नाही. पंधरा वर्षं मान जमीलनं धरली आणि हातोडा सलाउद्दीननं चालवला. आता हातोडा जमीलकडे आला होता, आणि मान शेजारचा बहिरू धरायचा, तीही कुरकुरत.

सलाउद्दीन म्हणजे जमीलच्या थोरल्या बहिणीचा, जैतुनबीचा नवरा. काय माणूस होता म्हणता! जर्मनच्या लढाईत खेचरांचा नालबंद म्हणून बसऱ्याला गेला आणि डाव्या हाताचं अर्धं बोट तिकडेच ठेवून आला. परत आल्यावर त्याला छपराखाली झोपच येईना. दिवाळी सरली की स्वारी पेठच्या रानात. मासे धरायचा, मध काढायचा, ओल्या मातीतला माग बघून भेकर गाभण आहे की नाही ते सांगायचा. थापा मारतोय म्हणावं, तर खरं निघायचं!

हातही तसाच. खिळ्याचं टोक वाकवण्याआधी खुरावर कानशीनं बारीक खाच पाडायचा आणि टोक तिच्यात निजवायचा. लष्करातली रीत ती. जमीलला कधी साधली नाही, नाशकात दुसऱ्या कुणाला ठाऊकही नव्हती. बोट अर्धं, त्यामुळे शेवटचा खिळा मात्र हमखास डावीकडे कलायचा.

यंदाच्या दिवाळीनंतर दोघं रानात गेले आणि जमील एकटा परतला.

तिसऱ्या दिवशी सलाउद्दीनला ताप भरला होता. जमीलनं त्याला पाठीवर घेतलं आणि दोन दिवस डोंगर तुडवला. मग पाय संपले. पाठीवरचं अंग गार लागत होतं. त्यानं मेहुण्याला सागाखाली ठेवला आणि नाकाशी हात धरला. वारा सुटला होता. काही लागल्यासारखं वाटलं, काही नाही. पुन्हा एकदा हात धरायला हवा होता. तो त्यानं धरला नाही. मरणाचा दमला होता हो! कोयत्यानं माती उकरली, झाकलं, आणि घरी येऊन बहिणीला सांगितलं, "आपा, कलमा पढत पढत गेला."

"मला कबरीवर ने," जैतुनबी दर जुम्म्याला म्हणायची.

"थंडी ओसरू दे, आपा."

"मग माझ्याकडे बघून बोल ना."

तेवढं त्याला जमायचं नाही.

पंधरा दिवसांनी करंजाळीची गवताची गाडी आली. बैलानं पाय उचलला आणि जमीलची नजर खुरावर गेली. खाच होती. टोक खाचेत निजलं होतं. शेवटचा खिळा डावीकडे कलला होता.

जुनी पत्री असेल, त्यानं मनाला सांगितलं. पण खिळ्यांची डोकी चकचकीत होती, आणि रोज चालत्या बैलाची पत्री पंधरवड्यात निम्मी झिजते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"कधी मारल्या पत्र्या?" त्यानं गाडीवानाला विचारलं.

"परवा. घाटात बसला व्हता येक जन."

पुढचं विचारायची जमीलची छाती झाली नाही. खाई त्याला खवखवे.

आठवड्यानं उमराळ्याच्या बैलांना त्याच पत्र्या. मग रासेगावच्या. गाव दर खेपेला नाक्याच्या जवळ येत होतं. जमील अंथरुणावर हिशेब मांडायचा. तो जिवंत असेल, तर मी जिता माणूस पुरला. मेला असेल, तर हा हात कुणाचा? दोन्हीकडून झोप जायची. आताशा तर भाकरीचा तुकडा मोडायचाही शीण यायचा.

आज दुपारी पेठकडचा बारकू सागाची लाकडं घेऊन आला. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. जमीलनं त्याच्या बैलाचा पाय उचलला. खुराला कानशीचा भुगा अजून चिकटलेला होता.

आता मात्र त्याला राहवेना.

"कुठं मारल्या?"

"ह्या काय, मखमलाबादच्या फाट्यावर. सकाळच्याला."

"कुणी?"

"सलाउद्दीनभाईनी. दुसरं कोन आसं मारतं?" तो गेल्याचं बारकूच्या कानावर आलेलंच नव्हतं.

जमीलनं बैलाचा पाय सोडला. त्याला रडू आलं, आणि रडता रडता हसू. जिता होता! उठला, चालला, कामाला लागला! रागावला असेल, शिव्या देईल, देऊ दे. आत्ताच्या आत्ता आपाला सांगायला हवं.

तो निघाला. दोन पावलं गेला आणि थांबला.

"बारकू, मान कुणी धरली?"

बारकू हसला. "गरिबाची चेष्टा करता व्हय? तुमीच की."

"मी?"

"आरं, ह्यो सकाळपास्नं हितंच हाय," बहिरू म्हणाला.

बारकूचं हसू मावळलं. त्यानं जमीलला खालीवर न्याहाळलं.

"तुमीच व्हता मानंवर. बोलला नाय कायबी. म्या म्हनलं, दमलं आसतील. काम झालं आन् तुमी तितंच, रस्त्याच्या कडंला आडवं झाला."

"मग?"

"मग काय न्हाय. म्या गाडी जुपली. भाई तुमच्या नाकाशी हात धरून बसलं व्हतं. म्या म्हनलं, चला भाई, नाक्यापोतूर सोडतो दोघास्नी. तर भाई म्हनलं, तू हो म्होरं. म्या अजून येकदा बघतो."