सरांवर माझा संशय

पहिल्यांदा मी त्याला पाहिलं तेव्हा तो माझं दूध मोरीत ओतत होता.

माझं म्हणजे मुलींसाठी मागवलेलं. जिम्नॅस्टिक्सच्या क्लबमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून माझा पहिलाच दिवस होता. मागच्या दाराने आत शिरले, तर ताठ पाठीचा एक माणूस बाह्या सरसावून अख्खी कॅन उपडी करत होता.

"नासलंय," तो म्हणाला. मी काहीही न विचारता.

"वास बघू?"

त्याने कॅन नळाखाली धरली. "आता कसला? धुतली की मी." आणि तो हसला. डाव्या गालावर छान खळी पडली. पण गालाला खळी पडते म्हणून माणूस खरं बोलतो, असं थोडंच आहे?

तो मुलींचा प्रशिक्षक निघाला. सर. मला नेमलं होतं क्लबच्या कमिटीने, कारण मुली सारख्या थकत होत्या, दुखापती बऱ्या होत नव्हत्या आणि निवड स्पर्धा तोंडावर आली होती. साहजिकच सरांना वाटलं, कमिटीने त्यांच्यावर नजर ठेवायला बाई पाठवली. आणि मला वाटलं, या माणसाला काहीतरी लपवायचंय. म्हणजे आमची सुरुवात अगदी बरोबरीची झाली.

हॉलच्या मागच्या खोलीत मी लांब टेबल मांडलं. सरावानंतर सगळ्यांनी तिथे बसून खायचं: अंडी, पाव, फळं, दूध. दमलेल्या स्नायूंना काय लागतं, उपाशीपोटी उडी का फसते, हाडं कशाने भरतात, हे मी खाता खाता सांगायचे. मुलींनी माझं नाव ठेवलं 'केळीवाली ताई'. मी खूश होते. ताटल्या रिकाम्या होत होत्या ना.

मग एका दुपारी जमिनीवरच्या गाद्या उचलल्या, तर खाली पाव. कडक झालेले, चपटे, कागदी रुमालात नीट गुंडाळलेले.

मी तडक सरांकडे गेले. मुलींना खाऊ नका असं कोण सांगतं, हे विचारलं. त्याचा चेहरा उतरला. पण तो माझ्याकडे न बघता मनगटाची पट्टी गुंडाळत राहिला. म्हणाला, मी असं कधीच सांगितलेलं नाही, उलट रोज खा म्हणतो. माझा विश्वास बसला नाही. बारीक, हलक्या मुली कुणाला हव्या असतात? प्रशिक्षकालाच.

त्या दिवसापासून मी पाळत ठेवायला लागले. बाकावर टिपणं काढत बसायचे आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे. घसरणाऱ्या मुलीच्या पाठीखाली त्याचा हात कसा वेळेवर पोचतो... रडणारीला तो कसं काही न बोलता बाजूला बसू देतो... ओरडत तर कधीच नाही. हेही मला संशयास्पद वाटायचं. इतका चांगला माणूस असतो कुठे?

"तुझी नजर पडली की मुलींच्या उड्या चुकतात," एकदा तो म्हणाला.

"मुलींकडे बघतच नाही मी."

बोलून गेले आणि कानापर्यंत तापले. तो मुलींकडे वळला. खळी मात्र दिसली.

घरी आत्याला रोजचा अहवाल मिळायचा. आज निळा शर्ट होता, आज आवाज बसला होता, आज माझ्याशी बोलताना दोनदा अडखळला, नक्की काहीतरी आहे. आत्याने चष्म्यावरून बघत विचारलं, "तू त्याच्यावर नजर ठेवतेस, की त्याच्याकडे बघत बसतेस?" मी विषय बदलला.

आणि मग जिराफ पडली. सगळ्यात उंच म्हणून तिला सगळे जिराफ म्हणायचे. बीमच्या अरुंद पट्टीवर चढली, डोळे फिरले आणि कोसळली. सरांनी तिला वरच्यावर झेललं म्हणून डोकं वाचलं. मी तिला पाणी पाजलं, उशाशी बसले आणि हळूच विचारलं, खाऊ नकोस असं कोण म्हणालं?

"कुणीच नाही, ताई." ती छताकडे बघत होती. "पण सर कुठे खातात? आम्हाला खा म्हणतात, पण स्वतः कधीच नाही... साधं बिस्कीटसुद्धा नाही. आणि सर तर चॅम्पियन होते."

मी सुन्न झाले. इतके दिवस त्याच्यावर डोळे लावून बसले होते आणि एवढं एक दिसलं नव्हतं. जेवणाच्या टेबलाशी तो कधी आलाच नव्हता.

तो ऑफिसात एकटाच होता. जिराफ जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगितलं. त्याने दार लोटून घेतलं. मग थांबत थांबत बोलला. त्याच्या लहानपणी प्रशिक्षक ताटातला घास काढून घ्यायचे, सगळ्यांसमोर. खेळ सुटला, पण ती भीती सुटली नाही. आजही कुणी समोर असलं की घास घशाखाली उतरत नाही. घरी एकटा, जेमतेम, उभ्या उभ्या खातो. पहिल्या दिवशीचं दूध मात्र खरंच नासलं होतं.

"मी त्यांना उपाशी ठेवलं नाही," तो म्हणाला, "पण शिकवलं मीच... न बोलता."

माझ्याजवळ भांडणाची सगळी तयारी होती. त्या तयारीचं काय करावं कळेना. मी त्याचा हात धरला. हे माझ्या एकटीचं काम नाही, यासाठी डॉक्टरांकडे जावं लागेल, असं सांगितलं. त्याने मान हलवली. हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे त्याने स्वतःच सगळं सांगितलं. त्याची नोकरी जाईल असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं. उपचार घेण्याच्या अटीवर कमिटीने ती ठेवली. जिराफला डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती दिली. तिची निवड हुकली. ती खूप रडली आणि चूक कुणाची यावर सरांनी तिच्याशी वाद घातला नाही. माझी, एवढंच म्हणाले.

मग एका संध्याकाळी सर मागच्या खोलीत आले. मुलींच्या मधोमध बसले, ताटली पुढे ओढली. सगळ्यांच्या नजरा तिकडेच. मी घाईघाईने आत्याच्या घोरण्याची गोष्ट सुरू केली, म्हणजे कुणी त्याच्या ताटाकडे बघू नये. मुली खिदळल्या. त्याने पाव मोडला. एक घास खूप वेळ चावला... गिळला. मग दुसरा घेतला. शेजारी जिराफने आपलं अंडं सोलायला घेतलं.

त्यानंतर गाद्यांखाली काही सापडलं नाही. मी अधूनमधून तपासते, सवयच लागली आहे.

काही महिन्यांनी हॉल बंद करताना तो किल्ल्यांशी खेळत उगाच रेंगाळला. मी कान टवकारले.

"उद्या बाहेर जेवायला जाईन म्हणतो," तो म्हणाला. "हॉटेलात. लोकांमध्ये. पण... एकटं नको वाटतं."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही."

"मग परीक्षा आहे का माझी?"

"नाही गं. मागणी आहे."

मी त्याच्याकडे रोखून बघितलं. "जेवणाची?"

"आधी जेवणाची," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने नजर चुकवली नाही.

मी त्याच्या हातातून किल्ल्या घेतल्या, दार बंद केलं आणि म्हटलं, "उद्या कशाला? मला आत्ता भूक लागली आहे."